स्टेशन वॅगन कोणी संपवली?

अमेरिकेत मोटारींचे वेड असलेली चार माणसे एकत्र आली आणि विषय स्टेशन वॅगनकडे वळला, की वाद ठरलेला. वॅगन म्हणजे सेडानसारखीच बुटकी गाडी, फक्त छत मागच्या टोकापर्यंत सरळ नेलेले आणि डिकीच्या जागी वर उघडणारा मोठा दरवाजा. मुले, सामान, कुत्रा, सायकली असे सगळे तिच्यात मावते आणि वळणावर ती मोटारीसारखीच जमिनीला धरून चालते. या मंडळींचा खरा जीव असतो तो तिच्या ताकदवान अवतारावर. १९९४ ची ऑडी आरएस२ अवांट ही त्यांची कुलदेवता. २०११ ते २०१४ या वर्षांतली ५५६ अश्वशक्तीची कॅडिलॅक सीटीएस-व्ही वॅगन बंद झाली याची हळहळ अजून संपलेली नाही. युरोपात वर्षानुवर्षे विकली जाणारी ऑडी आरएस६ अवांट २०२० च्या सुमारास अखेर अमेरिकेत आली, पाठोपाठ ७१७ अश्वशक्तीची बीएमडब्ल्यू एम५ टूरिंगही आली, तेव्हा अनेकांना हरवलेले माणूस घरी परतल्यासारखे वाटले.

वादाचा मुद्दा मात्र जुनाच आहे. वॅगन गेली कशाने? एक गट म्हणतो, सरकारच्या इंधन नियमांनी तिचा जीव घेतला. दुसरा म्हणतो, सरकारला कशाला दोष देता, लोकांनाच ती नको होती. वाद हौशी मंडळींचा आहे, म्हणून सोडून द्यावा असे वाटू शकते. पण त्यात सार्वजनिक आरोग्याचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे आणि त्याचे उत्तर भारतालाही लवकरच शोधावे लागणार आहे.

डॉक्टर मृत्यूचा दाखला लिहितात तेव्हा एकच कारण लिहून मोकळे होत नाहीत. तात्कालिक कारण वेगळे, त्यामागचे मूळ कारण वेगळे आणि मृत्यूला हातभार लावणारी इतर कारणे वेगळी. वॅगनचा दाखलाही तसाच नीट भरायला हवा.

सुरुवात १९७३ पासून करावी लागते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली, कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले आणि अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्या काळातली सरासरी अमेरिकन मोटार लिटरमागे साडेपाच-सहा किलोमीटर धावत होती. या धक्क्यातून डिसेंबर १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जा धोरण आणि संवर्धन कायद्यावर सही केली. त्यातून आलेले नियम 'कॅफे' या नावाने ओळखले जातात. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या मायलेजची सरासरी काढायची आणि ती ठरलेल्या आकड्याखाली गेली तर दंड भरायचा, अशी ही साधी कल्पना. मोटारींसाठी १९७८ च्या मॉडेलांना १८ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला सुमारे साडेसात किलोमीटर, आणि १९८५ पर्यंत साडेसत्तावीस मैल, म्हणजे पावणेबारा किलोमीटरच्या आसपास, अशी लक्ष्ये ठरली.

कायद्याचा हेतू चांगला होता आणि परिणामही झाला. एका दशकात अमेरिकन मोटारी हलक्या झाल्या आणि तेल कमी पिऊ लागल्या. पण नियमात एक फट राहिली. मालवाहू छोट्या ट्रकना वेगळे आणि सौम्य लक्ष्य देण्यात आले. त्यामागचा विचार समजण्यासारखा होता. शेतकरी, सुतार, प्लंबर यांची ती कामाची गाडी, तिला मोटारीच्या मापाने मोजू नये. १९९६ पासून २००४ पर्यंत ट्रकांसाठीचा आकडा २०.७ मैलांवर, म्हणजे लिटरला पावणेनऊ किलोमीटरच्या जवळपास, गोठून राहिला. मोटारींना मात्र तेव्हाही साडेसत्तावीस मैलांचीच अट होती.

आता कंपनीच्या जागी बसून विचार करा. भली मोठी व्ही-८ इंजिनची कौटुंबिक वॅगन विकली, तर ती मोटारीच्या खात्यात जाते आणि सरासरी खाली ओढते. तेवढीच माणसे आणि तेवढेच सामान नेणारी गाडी ट्रकच्या सांगाड्यावर बांधली, किंवा मागची आसने काढून सपाट जागा करता येईल अशी केली, तर ती ट्रकच्या खात्यात जाते. क्रायस्लरची मिनीव्हॅन १९८३ च्या अखेरीस बाजारात आली आणि तिची गणना ट्रकमध्ये झाली. १९९० मध्ये आलेली फोर्ड एक्स्प्लोरर हीसुद्धा ट्रकच. शेवटच्या मोठ्या अमेरिकन वॅगन, ब्युइक रोडमास्टर आणि शेवरले कॅप्रिस, १९९६ मध्ये बंद झाल्या. क्रायस्लरची पीटी क्रूझर ही दिसायला जुन्या ढंगाची छोटी मोटार. पण काढता येणारी आसने आणि सपाट तळ एवढ्या भांडवलावर तीही कागदोपत्री ट्रक ठरली.

सर्वांत बोलके उदाहरण सुबारूच्या आउटबॅकचे. चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या गाडीचे पोट जमिनीपासून २० सेंटिमीटर उंच असेल आणि पुढच्या-मागच्या उताराचे ठरावीक कोन साधले असतील, तर नियम तिला ट्रक मानतो. सुबारूने २००५ च्या मॉडेलसाठी आउटबॅकची उंची आणि मांडणी या मोजपट्टीत बसेल अशी बदलून घेतली. काही सेंटिमीटर उंच झालेली वॅगन एका रात्रीत ट्रक झाली आणि २०२६ च्या मॉडेलपासून तर तिने वॅगनचे रूप टाकून एसयूव्हीचा चौकोनी आकारच घेतला.

कराचीही तीच तऱ्हा. १९७८ च्या कायद्याने जास्त तेल पिणाऱ्या गाड्यांवर 'गॅस गझलर' कर लावला. लोकभाषेत सांगायचे तर 'खादाड कर'. चाचणीत साडेबावीस मैलांच्या खाली गेलेल्या मोटारीवर एक हजार ते ७,७०० डॉलर. पण हा कर एसयूव्ही, मिनीव्हॅन आणि पिकअप यांना लागू नाही. त्यामुळे ६८२ अश्वशक्तीची आणि लिटरला साडेपाच किलोमीटर देणारी कॅडिलॅक एस्कलेड-व्ही या करातून सुटते. तिच्याहून कमी तेल पिणारी एखादी वॅगन सापडते. हौशी मंडळींचा राग इथे शंभर टक्के रास्त आहे.

तरीही सगळा दोष नियमांवर टाकता येत नाही, कारण तुलनेसाठी दुसरा रुग्ण उपलब्ध आहे. तो म्हणजे युरोप. तिथे पेट्रोलवर भरपूर कर आहे आणि कार्बन उत्सर्जनाच्या नियमात कौटुंबिक एसयूव्ही आणि वॅगन एकाच खात्यात मोजल्या जातात. त्यामुळे वॅगन तिथे कितीतरी जास्त काळ टिकली. जर्मनी आणि स्वीडनमध्ये ती अजूनही घरोघरी दिसते. पण अलीकडे युरोपातही नव्या गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास एसयूव्ही आहेत. म्हणजे उंच बसायची आवड, मोठ्या गाडीत सुरक्षित वाटणे, ज्या गाडीच्या मागच्या आसनावर बालपण गेले तीच पुन्हा घ्यायला नको वाटणे, ही कारणेही खरी आहेत. शिवाय हौशी मंडळींनी स्वतःलाही एक प्रश्न विचारायला हवा. वॅगनचे गोडवे गाणारे पुष्कळ. नवी कोरी वॅगन पैसे मोजून घेणारे किती?

तेव्हा दाखला असा भरता येईल. तात्कालिक कारण, ग्राहकाची बदललेली आवड. मूळ कारण, एकाच कामाच्या दोन गाड्यांना दोन मापे लावणारा नियम. हातभार लावणारी कारणे, जाहिराती, स्वस्त पेट्रोल आणि एसयूव्हीवर मिळणारा जास्त नफा. इंधनाचे नियम असणे हा आजार नव्हता. ते असमान असणे हा आजार होता.

यात आरोग्याचा संबंध कुठे, असे कोणी विचारील. तो तीन ठिकाणी आहे.

पहिला धुराचा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इंजिन कितीही आधुनिक असो, या हिशेबातून सुटका नाही. इथे मायलेजचा आकडा आपल्याला फसवतो. ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ही फसगत दाखवून दिली. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या दोन गाड्या घ्या. एकीचे मायलेज १५ वरून २० झाले, दुसरीचे ६ वरून ८ झाले. पहिलीची प्रगती मोठी वाटते. प्रत्यक्षात पहिलीने वाचवले सुमारे १६७ लिटर आणि दुसरीने सुमारे ४१७ लिटर. म्हणजे सर्वाधिक बचत सर्वाधिक तेल पिणाऱ्या गाड्या सुधारण्यात आहे आणि अमेरिकन नियमाने दशकानुदशके नेमकी त्याच गाड्यांना सूट दिली. अतिरक्तदाब असलेल्या रुग्णाला सवलत द्यायची आणि थोडा दाब वाढलेल्याच्या ताटातले मीठ मोजायचे, असा हा प्रकार झाला.

दुसरा संबंध रस्त्यावर चालणाऱ्या माणसाचा. बुटक्या गाडीची धडक बसते तेव्हा पहिला मार बहुधा पायांवर येतो आणि माणूस बॉनेटवर आडवा पडतो. पाय मोडतो, पण जगण्याची संधी राहते. उंच, उभ्या तोंडाच्या गाडीचा पहिला मार छाती, पोट किंवा ओटीपोटावर येतो, लहान मुलांत थेट डोक्यावर. माणूस बॉनेटवर चढण्याऐवजी पुढे फेकला जातो आणि गाडीखाली येऊ शकतो. प्लीहा, यकृत, फुप्फुसे यांच्या जखमा प्लास्टर घालून बऱ्या होत नाहीत. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ४० इंचांपेक्षा उंच बॉनेटच्या गाड्यांनी धडक दिल्यास पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या, उतरत्या तोंडाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक आढळली. अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी वाहनांच्या धडकेत मेले. २०२२ मध्ये हा आकडा साडेसात हजारांच्या पुढे गेला. हे सगळे पाप बॉनेटच्या उंचीचे नाही. वेग, अंधारे रस्ते, मोबाइल, दारू यांचा वाटा आहेच. पण उंची हे असे कारण आहे, जे कारखान्यातच कमी करता येते.

तिसरा संबंध वजनाचा, आणि इथे नियमांच्या टीकाकारांचीही एक बाजू ऐकून घ्यावी लागते. १९७० च्या दशकात मोटारी घाईने हलक्या झाल्या, तेव्हा त्यातून अपघाती मृत्यू वाढले काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००२ मध्ये यावर अहवाल दिला. बहुसंख्य सदस्यांच्या मते, गाड्या लहान आणि हलक्या झाल्याने १९९३ या एका वर्षात १,३०० ते २,६०० अधिक मृत्यू झाले असावेत. दोन सदस्यांनी या निष्कर्षाला असहमती नोंदवली. हा आकडा नियमांच्या विरोधकांनी खूप वापरला. पण त्याचा पुढचा अर्थ फारसा सांगितला जात नाही. हलकी गाडी धोकादायक ठरते ती मुख्यतः समोरून जड गाडी आली म्हणून. सॅन दिएगोच्या अर्थशास्त्रज्ञ मिशेल व्हाइट यांनी २००४ मध्ये मांडलेला हिशेब विचार करायला लावणारा आहे: मोठ्या गाडीत बसलेल्यांचा एक जीवघेणा अपघात टळतो, त्याची किंमत म्हणून इतरांच्या वाट्याला किमान ४.३ जीवघेणे अपघात येतात. ही सुरक्षितता निर्माण झालेली नसते, शेजाऱ्याकडून काढून घेतलेली असते. लसीकरणात एकाने टोचून घेतले की शेजारीही थोडा सुरक्षित होतो. इथे नेमके उलटे घडते.

मग ताकदवान वॅगन हा उपाय आहे का? नाही. हौशी मंडळींना हे ऐकायला आवडणार नाही, पण आरएस६ लिटरला सात किलोमीटरच्या आसपासच चालते. म्हणजे किलोमीटरमागे तीनशे ग्रॅमहून अधिक कार्बन डायऑक्साइड. नवी एम५ टूरिंग बॅटरी आणि इंजिन अशा दोन्हींवर चालते, तरी वजन अडीच टनांच्या घरात. शून्यापासून शंभरचा वेग चार सेकंदांच्या आत गाठण्याची गरज मुलांना शाळेत सोडताना पडत नाही. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते आणि हाडांना बॅज वाचता येत नाही. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या विकल्या जातात. देशाच्या हवेचा आणि रस्त्यांचा प्रश्न त्या ठरवत नाहीत; तो ठरवतात लाखोंनी विकल्या जाणाऱ्या उंच, जड, साध्या कौटुंबिक गाड्या. हौशी मंडळींनी वॅगनच्या अश्वशक्तीपेक्षा तिच्या आकाराची वकिली केली, तर समाजाचे अधिक भले होईल. तेवढ्याच माणसांना, तेवढ्याच सामानासह, कमी उंचीच्या, कमी वजनाच्या आणि वाऱ्याला कमी अडवणाऱ्या गाडीतून नेता येते, हा त्यांच्या हातातला सर्वांत मजबूत मुद्दा आहे. दीडशे अश्वशक्तीच्या वॅगनलाही तो लागू पडतो.

अमेरिकेने नियम सुधारण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. २००७ च्या कायद्यानंतर गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळानुसार लक्ष्य ठरू लागले. गाडी लहान करून सरासरी सुधारण्याचा मोह त्यामुळे कमी झाला, पण गाडी मोठी करून सोपे लक्ष्य मिळवण्याची वाट उघडली. आणि मोटार व ट्रक ही दोन खाती तशीच राहिली. त्यानंतर प्रत्येक सरकारने आकडा वर-खाली केला. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने तर नियम मोडल्याचा दंडच शून्यावर आणला. थर्मामीटर जागेवर आहे, ताप मोजलाही जाईल, पण औषध देणार नाही, अशी ही अवस्था आहे. काही हौशी मंडळींना यात मुक्ती दिसते. पण दंड गेल्याने वॅगन परत येणार नाही. कंपन्या त्याच विकतील, ज्यात आज नफा आहे, आणि त्या उंचच असतील.

भारताने हे दुरून पाहावे असे नाही. आपल्याकडेही 'कॅफे' नियम २०१७ पासून आहेत आणि २०२२ पासून ते कडक झाले. त्यांचा पुढचा टप्पा २०२७ साठी ठरत असताना लहान गाड्यांना सवलत द्यावी की नाही यावर कंपन्यांतच जुंपली. आपले लक्ष्य गाड्यांच्या सरासरी वजनावर ठरते. ताफा जड असेल तर उत्सर्जनाची मुभाही जास्त. रेषा आखली की गाड्या तिच्याभोवती आकार बदलतात, हे आपणही अनुभवले आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड गाड्यांना करसवलत मिळाली आणि शेपूट छाटल्यासारख्या सेडान रस्त्यावर आल्या. एसयूव्ही कशाला म्हणायचे यावर जीएसटी परिषदेत खल झाला आणि २०२३ मध्ये ठरले, की रिकाम्या गाडीचे पोट जमिनीपासून १७० मिलिमीटर उंच हवे. अमेरिकेत उंचीने सवलत मिळते, आपल्याकडे उंचीमुळे कर वाढत होता. मोजपट्टी मात्र दोन्हीकडे माणसाऐवजी पत्र्यावर ठेवलेली.

पुण्यात तयार झालेली टाटा इस्टेट १९९२ मध्ये आली, तेव्हा अनेक मराठी घरांनी वॅगन पहिल्यांदा पाहिली. ती टिकली नाही. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक एसयूव्ही प्रकारातल्या आहेत. खड्डे आणि तुंबलेले पाणी पाहता उंच गाडी हवी वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण पोट उंच असणे आणि तोंड भिंतीसारखे उभे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी दुसरी लागत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसे मेली आणि त्यांतला जवळपास दर पाचवा माणूस पायी चालणारा होता. पदपथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने शाळेत जाणाऱ्या मुलाची छाती आजच्या कित्येक गाड्यांच्या बॉनेटच्या कडेपेक्षा खाली असते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपचे तारे प्रामुख्याने गाडीच्या आत बसलेल्यांच्या सुरक्षिततेवर मिळतात. बाहेरच्या माणसासाठीही गुण हवेत आणि ते गाडी घेणाऱ्याला शोरूममध्येच ठळक दिसायला हवेत.

धोरण ठरवणाऱ्यांसाठी धडा अवघड नाही. माणसे वाहून नेणाऱ्या सगळ्या गाड्यांना, त्यांचे नाव काहीही असो, एकच माप लावा. ते माप मायलेजऐवजी शंभर किलोमीटरला लागणाऱ्या इंधनात सांगा, म्हणजे आकडा फसवणार नाही. जड गाडीला सोपे लक्ष्य देणे हळूहळू बंद करा. पुढच्या भागाची उंची आणि आकार यांवर मर्यादा आणा. दंड असा ठेवा, की तो भरण्यापेक्षा गाडी सुधारणे स्वस्त पडेल.

वॅगन परत येईल की नाही, हे बाजार ठरवील. पण तिच्या जागी आलेल्या गाडीसमोर जे मूल रस्ता ओलांडत आहे, त्याला बाजारात मत नाही. त्याच्या वतीने मत द्यायचे काम नियमाचे असते.